नयनचा टाक

ज्याला ही बाई फेकतेय असं वाटेल त्याने इथेच थांबावं. मला कोणाला काही पटवायचं नाहीये.

हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलंय. मी तिथे होते. सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि लॉकरची किल्ली माझ्या मनगटात होती...

किल्लीचं पुढे सांगते.

गेल्या वर्षीचा मे महिना. रविवार. कल्याणहून मुरबाडकडे जाताना आतल्या बाजूला एक वॉटर रिसॉर्ट आहे. नाव लिहीत नाही, उगाच कोणाच्या पोटावर पाय कशाला? भूत म्हटलं की लोकांना अमावस्येची रात्र लागते. इथे टळटळीत ऊन होतं. दुपारच्या जेवणाची भांडी अजून उघडलीसुद्धा नव्हती.

मी वर्तकनगरला राहते. रिक्षावाला उलट बोलला तर त्याला स्टँडवर उभा करून चार शब्द सुनावणारी बाई आहे मी. भुताखेतांना भिणाऱ्यातली नाही.

म्हणजे, नव्हते.

माझी धाकटी बहीण अक्षदा. तिला मानपाड्याला दिली. नवरा ऋतुराज. त्याचं हे दुसरं लग्न. पहिली बायको नयन, ती आधीच गेलेली. एका रविवारी दोघं नदीवर फिरायला गेले, तिचा पाय घसरला आणि ती वाहून गेली. ऋतुराजने मागोमाग उडी मारली, पण ती हाती लागली नाही. बायकोसाठी जिवावर उदार झालेला माणूस, म्हणून सगळे त्याचं कौतुक करायचे. आम्हीही केलं.

आमच्यात एक पद्धत आहे. पहिली बायको वारली असेल तर दुसरीने तिचा टाक गळ्यात घालायचा. टाक म्हणजे चांदीचा छोटासा पत्रा, त्यावर बाईची आकृती. नवी साडी आधी टाकाला दाखवायची, मग नेसायची. पहिला घास तिच्या नावाने बाजूला काढायचा. सवतीला मान दिला की ती त्रास देत नाही म्हणतात.

अक्षदाची सासू शेवंतीबाई याबाबत कडक होती. पण ऋतुराज तिच्या वर. अंघोळीलासुद्धा टाक काढू द्यायचा नाही. रोज झोपताना विचारायचा, "टाक आहे ना गळ्यात?"

मी एकदा चिडवलं, "काय हो, पहिलीवर एवढा जीव?"

तो हसला नाही.

वर्षभरात माझी बहीण निम्मी झाली. फोन केला की हो, नाही, बरं, एवढंच. मागे तो उभा असणार हे मला इकडे बसून कळायचं. एकदा कोपरीला आईकडे आली तेव्हा दंड काळानिळा झालेला. म्हणे कपाटाचं दार लागलं. अगं, कपाटाच्या दाराला काय चार बोटं असतात?

माझं डोकंच फिरलं. त्याच्या घरी जाऊन राडा करायला निघालेले, आईने अडवलं. म्हणाली, "आधी तिच्या तोंडून काढ. ती नाही म्हणाली तर आपण तोंडावर पडू."

म्हणून मी पिकनिक काढली. कपडे बदलायच्या खोलीत तो येऊ शकत नव्हता. तिथे तिला बोलती करायची. ती "हो" म्हणाली की संध्याकाळी गाडी मानपाड्याला न्यायचीच नाही, सरळ कोपरीला. माझ्या नवऱ्याला, प्रफुल्लला, तसं सांगून ठेवलेलं. बाकी कोणाला माहीत नव्हतं.

गाडी प्रफुल्ल चालवत होता. ऋतुराज त्याच्या शेजारी, आम्ही दोघी मागे. शहाडच्या पुढे गेल्यावर ऋतुराज मागे वळला आणि एकदम गोड आवाजात म्हणाला, "ताई, आज तुमच्याबरोबर. पुढच्या रविवारी मात्र आम्ही दोघंच. नदीवर."

"कुठल्या नदीवर?"

"टिटवाळ्याच्या पुढे. शांत जागा आहे. कोणी नसतं."

अक्षदाचा हात गळ्यातल्या टाकावर गेला. ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिला पोहता येत नाही.

पोहोचल्यावर मिसळ खाल्ली. अक्षदाने पहिला घास पानाच्या कडेला काढून ठेवला. मग नायलॉनचे कपडे भाड्याने घ्यायला रांगेत उभे राहिलो. ऋतुराजने हातातलं रुंद पट्ट्याचं घड्याळ काढून प्रफुल्लकडे दिलं. तेव्हा मला त्याचं मनगट दिसलं. आतल्या बाजूला चार जुने व्रण होते. नखांचे.

मी बघतेय हे त्याला कळलं. म्हणाला, "नयनला ओढताना लागली तिची नखं."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला त्याची दया आली.

मी आणि अक्षदा बायकांच्या खोलीत गेलो. आत आम्ही दोघीच. मी दार लावलं आणि तिच्यासमोर उभी राहिले.

"आता सांग. काय चाललंय?"

तिने दोन्ही हातांनी गळ्यातला दोरा वर उचलला आणि टाक काढला.

"अगं, काढलास?"

"दागिने लॉकरमध्ये ठेवायचे असतात ना." तिने तो रुमालात बांधला. गाठ मारली. लॉकरमध्ये ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. किल्लीला इलॅस्टिक होतं, ते मी मनगटात अडकवलं.

"अक्षदा, मारतो का तो तुला?"

तेवढ्यात...

कोणालातरी ठसका लागला.

शेवटच्या मोरीत. नाकातोंडात पाणी गेल्यावर लागतो ना, तसा. ओला. थांबायचं नावच घेईना.

"कोण आहे? बरं नाही का वाटत?" मी हाक मारली.

ठसका बंद झाला.

मी जाऊन दार ढकललं... आत कोणी नव्हतं.

नळ कोरडा होता. पण फरशीवर पाणी साचलेलं. गढूळ. त्यात बारीक वाळू होती. टाकीच्या पाण्यात वाळू कुठून येणार?

मी दाराबाहेर डोकावून तिथे कामाला बसलेल्या बाईला विचारलं, "आत कोण गेलेलं?"

"कोणी नाही ताई. आता तुम्हीच दोघी गेलात."

मागे वळले तर अक्षदा आरशासमोर केस बांधत होती. आरशातून माझ्याकडे बघून ती हसली. कित्येक महिन्यांनी तिला हसताना बघत होते. मला आनंद व्हायला हवा होता, पण माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

"चल ताई," ती म्हणाली. "उशीर नको."

बाहेर रेन डान्स सुरू झालेला. वरून पाण्याच्या धारा, मोठमोठ्या स्पीकरवर गाणी, पोरंटोरं नाचतायत. बाजूलाच लहान मुलांचा उथळ तलाव, मोठ्या माणसाच्या जेमतेम गुडघ्याला लागेल एवढं पाणी. ऋतुराज धारांच्या मधोमध नाचत होता. आजूबाजूला गर्दी होती, पण त्याच्या उजव्या हाताला एक जागा रिकामी होती. तिथे कोणीच जात नव्हतं.

आणि मला दिसलं...

त्या रिकाम्या जागेत पाणी सरळ जमिनीवर पडत नव्हतं.

मध्येच कशावरतरी आपटत होतं. एका बाईच्या उंचीवर. तिथून दोन्ही बाजूंना ओघळत होतं. डोक्यावरून, खांद्यांवरून.

मी डोळे पुसले. परत बघितलं. तसंच.

प्रफुल्लचा दंड धरून मी म्हणाले, "अरे, तिकडे बघ." तेवढ्यात गाणं बंद पडलं. स्पीकर गेला, पाणी चालू राहिलं. सगळी पोरं ओरडली, "अरेऽऽ!" मग तीही गप्प झाली.

आणि त्या शांततेत...

ठसका.

ऋतुराजने ऐकला. त्याची मान हळूहळू उजवीकडे वळली. त्याला काय दिसलं मला माहीत नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. दुसऱ्या क्षणी तो अक्षदाकडे धावत आला आणि त्याने तिच्या गळ्याकडे बघितलं.

"टाक कुठाय?"

"ठेवलाय," अक्षदा म्हणाली.

"घाल! आत्ताच्या आत्ता घाल!"

ती जागची हलली नाही. मग तो माझ्याकडे वळला. एवढा मोठा बाप्या, रडायलाच आलेला. "ताई, किल्ली द्या. पाया पडतो तुमच्या, किल्ली द्या!"

त्याने हात पुढे केला.

तो हात हवेतच अडकला... कोणीतरी मनगट धरल्यासारखा.

त्या चार व्रणांतून रक्त यायला लागलं. जुने, सुकलेले व्रण. माझ्या तोंडासमोर.

मग तो मागे जायला लागला. पाय पुढे रोवलेले, अंग मागे. फरशीवरून घसरत, उथळ तलावाकडे. आणि ओरडत होता, "सोड! नयन, सोड! चुकलं माझं. ढकलायला नको होतं मी. सोड!"

हे मी एकटीने ऐकलेलं नाही. प्रफुल्लने ऐकलं. तिथल्या जीवरक्षकाने ऐकलं.

काठाशी तो गर्रकन फिरला आणि पाण्यात तोंडावर पडला.

प्रफुल्ल आणि तो जीवरक्षक दोघं धावले. एकाने खांदे धरले, एकाने कंबर. दोन धडधाकट पुरुष, गुडघाभर पाणी, आणि एक माणूस उचलेना. प्रफुल्ल आजही सांगतो, "खालून कोणीतरी तेवढ्याच ताकदीने ओढत होतं." मी काठावर उभी राहून किंचाळत होते. बुडबुडे येत होते.

मग बुडबुडे थांबले.

आणि तो लगेच वर आला. अगदी हलका.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडलं. जिभेखाली काहीतरी होतं. त्यांनी चिमट्याने काढून ट्रेमध्ये ठेवलं.

नयनचा टाक.

माझा हात मनगटावर गेला. किल्ली तिथेच होती. संध्याकाळी पोलिसांसमोर लॉकर उघडला. आत रुमाल होता, वरची गाठ तशीच्या तशी. ओलाचिंब. सोडला तर आत फक्त वाळू. हवालदाराने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. पाय घसरून पडला, डोक्याला मार बसला, अशी नोंद झाली. वाळूबद्दल कोणी काही लिहिलं नाही.

शेवंतीबाई आली. मुलगा समोर पांढऱ्या चादरीखाली. तो कसा गेला हे तिने विचारलंच नाही. छाती पिटत तिने एकच विचारलं, "टाक कोणी काढला गं? कोणी काढला?"

म्हणजे तिला माहीत होतं. तेव्हा मला कळलं, तो टाक सवतीच्या मानासाठी नव्हताच.

तेराव्यानंतर अक्षदा कोपरीला आली. एक दिवस ती आणि मी भाजी निवडत बसलेलो. माझ्या मनात कधीपासून एक गोष्ट सलत होती. त्या दिवशी कपडे बदलून बाहेर पडताना तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. कानात कुड्या होत्या. दागिने लॉकरमध्ये ठेवायचे होते, तर तिने एकटा टाकच का काढला?

मी विचारलं.

ती शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "नयनताईने सांगितलं."

"म्हणजे?"

"रोज रात्री सांगायची. कानाशी. 'तू हे घातलंस की मला हलता येत नाही गं.' तो तुला नदीवर नेईल त्या रविवारच्या आत काढ म्हणाली. मी घाबरत होते. तू बरोबर होतीस म्हणून हिंमत झाली."

माझी बहीण जिवंत होती. मला दुसरं काही नको होतं. त्याच्यासाठी माझ्या डोळ्यांतून एक टिपूस आलं नाही, आजही येत नाही. बरं झालं मेला.

पण गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायला बसले नसते.

तो टाक अक्षदाने पोलिसांकडून मागून घेतला. आता गळ्यात घालत नाही. हळद-कुंकू लावून उशाशी ठेवते. जेवताना आधी त्याच्यापुढे ताट वाढते. तिची तब्येत छान झालीये, नोकरीला लागलीये, खळखळून हसते.

दिवाळीनंतर तिला एक स्थळ आलं. मुलगा चांगला वाटला. अक्षदा म्हणाली, "आधी तिला दाखवते." रात्री तिने मुलाचा फोटो टाकापुढे ठेवला. सकाळी आईने बघितलं, फोटो भिजून चेहऱ्याचा लगदा झालेला. अक्षदाने शांतपणे सांगितलं, "नको म्हणाली ती. हात उचलतो तो." आम्ही मागाहून चौकशी केली. खरं निघालं.

हे सगळं मी मान्य केलं असतं हो. चांगलंच आहे ना.

पण गेल्या आठवड्यात माझं आणि प्रफुल्लचं भांडण झालं. त्याने ताट आपटलं. एवढंच. सोळा वर्षांच्या संसारात होतं असं कधीतरी. मी पण काही गरीब गाय नाही. पण रागाच्या भरात मी अक्षदाला फोन लावला आणि बोलून गेले, "वैताग आलाय मला या माणसाचा."



मग फोनमध्ये...

ठसका.

अक्षदाचा नव्हता. तिचा आवाज मला माहीत आहे.

"अगं, गंमत केली," मी घाईघाईने म्हणाले. "दाजी चांगले आहेत तुझे. चांगले आहेत."

"हो गं," अक्षदा म्हणाली. तोच शांत आवाज. "तरी पण ताई... दाजींचा एखादा फोटो पाठव ना."

मी अजून पाठवलेला नाही.

काल रात्री प्रफुल्ल शेजारी घोरत होता. मी जागीच होते. पहाटे पाणी प्यायला उठले आणि माझ्या पायाखाली काहीतरी चरचरलं. दिवा लावून बघितलं.

पलंगाच्या त्याच्या बाजूला... ओली वाळू होती.