आगंतुक ओळ

ऑफिसात तिला सगळे ‘उजवी’ म्हणायचे. माउसचं उजवं बटण दाबलं की जो छोटासा मेनू उघडतो, तो रचणं हे तिचं काम, म्हणून. ती स्वतः डावखुरी होती, पण टोपणनाव ठेवणारे इतकी चौकशी करत बसत नाहीत. आईला हे काम कधीच पटलं नव्हतं. ‘‘अगं, एका बटणाला अख्खी मुलगी? मग डाव्याला कितीजणी ठेवल्यात?’’

त्यांचं सॉफ्टवेअर ऑफिसांचे नकाशे काढायचं. भिंती, दारं, कुणाची खुर्ची कुठं. खुर्चीवर उजवं बटण दाबलं की ‘हलवा’, ‘फिरवा’, ‘नाव बदला’. यातली नको ती ओळ काढायची आणि हवी ती घालायची मुभा वापरणाऱ्याला असावी, म्हणून ती साहेबांशी वर्षभर भांडली होती. साहेबांचं म्हणणं एकच, ‘‘लोकांना मुभा दिली की लोक फोन करतात.’’ शेवटी कंटाळून ते हो म्हणाले.

नवं काही केलं की आधी स्वतःच्याच ऑफिसच्या नकाशावर करून बघायचं, ही त्यांची रीत. त्या सकाळी भुंग्यानं नकाशातल्या हिशेबनिसाच्या खुर्चीवर उजवं बटण दाबलं. भुंगा तिच्या शेजारी बसायचा. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे त्याचं काम आणि एकदा लागला की पोखरल्याशिवाय सोडायचा नाही.

‘‘उजवे, हे ‘उठवा’ काय घातलंयस?’’

‘‘मी नाही घातलं.’’

‘‘मग दाबतोच.’’

काचेपलीकडे हिशेबनीस फोनवर बोलता बोलता उभा राहिला. दोघं पोट धरून हसले. मग हिशेबनीस बसायला गेला, तर त्याचे गुडघे वाकेनात. दुपारपर्यंत तो उभाच. उभ्यानं काम केलं की पाठीला बरं असतं, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. कपाळावरून घाम ओघळत होता.

उजवीनं ती ओळ मेनूतून काढली. मेनू पुन्हा उघडला. ओळ जागच्या जागी, शिवाय तिच्याखाली आणखी एक: ‘गप्प करा’. तिनं अख्खा कोड पालथा घातला. दोन्ही शब्द कुठंच नव्हते.

साहेब आले. त्यांनी वाकून पाहिलं आणि मुलीचं लग्न ठरल्यासारखा त्यांचा चेहरा खुलला.

‘‘हे ठेवायचं. आणि काढायची मुभा बंद.’’

‘‘सर, यानं खरी माणसं उठतायत.’’

‘‘मग? ग्राहकाला अजून काय हवं असतं?’’

‘‘अहो साहेब,’’ भुंगा म्हणाला, ‘‘तो बिचारा सकाळपासून...’’

साहेबांनी भुंग्याचाच माउस घेऊन नकाशातल्या भुंग्याच्याच खुर्चीवर क्लिक केलं.

भुंग्याचे ओठ हलत राहिले. आवाज नव्हता. तो खोकला, त्यालाही आवाज नव्हता. त्यानं टेबलावर मूठ आपटली. ती तेवढी ऐकू आली.

‘‘त्याचा आवाज परत द्या,’’ उजवी म्हणाली.

‘‘तशी ओळ मेनूत नाही,’’ साहेब शांतपणे म्हणाले.

‘‘नाही तर घालते. त्यासाठीच भांडले ना वर्षभर!’’

तिनं आपल्या पडद्यावर मेनूची मांडणी उघडली आणि तयार ओळींतून ‘पूर्ववत करा’ ही, दर वेळी शेवटचा बदल मागं फिरवणारी ओळ उचलली.

‘‘ऊठ तिथून.’’

‘‘नाही उठणार.’’

साहेबांनी तिच्या खुर्चीवर क्लिक केलं.

काखेत कुणी थंड हात घालावेत तशी ती वर ओढली गेली. तिनं उजव्या हातानं टेबलाची कड गच्च धरली. नखं पांढरी पडली.

‘‘नाही उठत, जा!’’

डाव्या हातानं तिनं ती ओळ मेनूत नेऊन सोडली. आणि दाबली.

ती धप्पकन खुर्चीत आदळली.

पुन्हा दाबली.

‘‘...उभाय!’’ भुंगा ओरडला. मघाचं वाक्य पुरं झालं.

पुन्हा दाबली. काचेपलीकडे हिशेबनीस मटकन खाली बसला.

संपलं. मागं फिरवण्यासारखं काही उरलं नाही की ही ओळ फिकट पडते. तसा नियमच होता.

ओळ फिकट पडली नाही.

‘‘पुढं दाबू नकोस,’’ साहेब म्हणाले. ते हात जोडत होते.

‘‘का?’’

साहेबांची नजर तिच्या आणि भुंग्याच्या मधल्या रिकाम्या जागेकडे गेली.

तिनं दाबली.

नकाशावर, तिच्या आणि भुंग्याच्या मध्ये, एक खुर्ची उमटली. नावाची जागा कोरी.

तिनं मान वळवली. खुर्ची तिथं होती. पाठीवर एक स्वेटर टाकलेला. कुणाचा, ते दोघांपैकी कुणालाच आठवेना.

भुंग्यानं बसायच्या जागेवर तळहात टेकवला आणि झटकन मागं घेतला.

‘‘गरम आहे,’’ तो म्हणाला.

पडद्यावर मेनू उघडाच होता. ओळ अजून गडद होती.