टेबलाची कड

लेक सुट्टीत नातवाला घेऊन येते म्हणाली, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की घरात धड जेवायला टेबल नाही. एकट्या बाईचं काय, ताट मांडीवर घेतलं की झालं. नवं घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून जुन्या फर्निचरच्या दुकानातून एक भक्कम लाकडी टेबल उचललं. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रं पसरली आणि पॉलिश पेपर घेऊन घासायला बसले. हाताला काम मिळालं, बरं वाटलं.

एका बाजूच्या कडेवर दातांचे व्रण होते. लहान पोराचे, मधल्या एका दाताची जागा रिकामी. म्हटलं, कुणाचं तरी कार्टं जेवायचं सोडून टेबलच खात असणार. दबलेलं लाकूड वर आणायची युक्ती मला ठाऊक आहे. ओलं फडकं ठेवायचं, वरून गरम इस्त्री फिरवायची. ओल आणि ऊब मिळाली की लाकूड फुगतं. व्रण गेले.

सकाळी परत होते.

माझंच काम कच्चं राहिलं असेल, म्हणून पुन्हा इस्त्री फिरवली. दुसऱ्या दिवशी व्रण होतेच, वर त्या रिकाम्या जागी अर्ध्या दाताची बारीकशी खूण. चष्मा पुसून पाहिलं. बोट फिरवून पाहिलं. मग चपला घातल्या आणि दुकान गाठलं.

"अहो, हे टेबल ज्यांच्याकडचं, त्यांच्या घरात लहान मूल होतं का?"

"छे हो काकू, बाई एकट्याच राहायच्या." दुकानदार माझ्याकडे न बघता खुर्ची पुसत राहिला. "मुलांनी किती बोलावलं, गेल्या नाहीत. त्या वारल्यावर आम्ही टेबल आणायला गेलो, तर वर दोन ताटं मांडलेली."

"परत घेता का?"

"घेतो की. उद्या आणा."

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई, या सुट्टीत नाही जमत गं. रागावू नकोस." मी कशाला रागावतेय. बरं म्हटलं, फोन ठेवला आणि त्या टेबलाशी बसून पोटभर रडले. हात कडेवर होता. लाकूड कोमट लागलं.

टेबल परत नेलं नाही. त्या बाजूला पॉलिशही लावलं नाही. तोंडात जातं, कडू लागेल. नुसतं खायचं तेल चोळलं. स्वयंपाकही पुन्हा नीट करायला लागले. एकटीसाठी कोण एवढं करतं.

काल लेकीचा परत फोन. "आई, रजा मिळाली. रविवारी निघतो. पिल्लू आजीच्या टेबलावर जेवायचं म्हणून नाचतंय नुसतं."

मी टेबलाच्या त्या कडेकडे पाहिलं.

"या खेपेला नको गं," मी म्हणाले. "टेबल अजून वाळलं नाही."

"अगं, टेबलाचं काय घेऊन बसलीस?"

"बसायला जागा नाही, बाळा."

फोन ठेवला आणि दुसरं ताट उचलायला गेले. कड ओली होती. मधला दात आता पुरता आला होता.