चांदणी कुणी ओढली

नाताळ होऊन तीन दिवस झाले. ठाण्यात, खोपटला माझ्या घरी भर दुपारी बसून मी हे लिहिते आहे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात मी सतरा वर्षं तपासणीचं काम करते. डब्यातला नमुना घ्यायचा, काचेच्या पट्टीवर ओढायचा आणि दिसेल ते त्याच दिवशी नोंदवायचं. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेली नोंद आमच्याकडे धरत नाहीत. इथं मला तीन दिवसांचा उशीर झालाय, तेवढं आधीच सांगून ठेवते.

माझं माहेर ठाकुर्लीला, दुसऱ्या मजल्यावर. बाबा मालगाडीवर गार्ड होते, देवराम उजागरे. मूळचे शेवगावकडचे. नाताळला ड्यूटी लागली नाही असं वर्ष क्वचितच जायचं, त्यामुळे घरी मिळालेला नाताळ ते पुरवून पुरवून वापरायचे. सकाळी कल्याणच्या चर्चमध्ये उपासना, दुपारी मटण आणि वडे. जेवण झालं की कुणी ताटावरून उठायचं नाही. हात वाळेपर्यंत प्रत्येकानं एक जुना नाताळ सांगायचा. गोष्टी ठरलेल्या होत्या, शब्दसुद्धा ठरलेले. आईनं चांदणीची सांगायची. सुमितनं, म्हणजे माझ्या धाकट्या भावानं, तो बाजारात हरवला होता ती. कुणी एक शब्द गाळला की बाबा बोट वर करायचे. बाबांना जाऊन चार वर्षं झाली, पण आम्ही तिघांनी हे चालू ठेवलं होतं.

चांदणीची गोष्ट अशी. मी नऊ वर्षांची होते. गॅलरीत टांगलेल्या कागदी चांदणीत बाबांनी मेणबत्ती लावली होती. वाऱ्यानं कागद पेटला. शेजारीच आईच्या साड्या वाळत होत्या. मी स्टुलावर चढून पेटती चांदणी दोन्ही हातांनी ओढली आणि बादलीत बुडवली. आईचं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं, "माया नसती तर त्या दिवशी घर गेलं असतं."

दोन वर्षांपूर्वी ती म्हणाली, "रतन नसती तर त्या दिवशी घर गेलं असतं."

"कोण रतन?" मी विचारलं.

"रतन कुठे म्हणाले मी?" आई हसली आणि ताटं उचलायला लागली.

वय झालं, असं मी मनाशी धरलं. तरी जानेवारीत तिला डॉक्टरांकडे नेलं. तारीख, वार, शंभरातून सात वजा करत जाणं, सगळं तिनं बिनचूक सांगितलं. वर डॉक्टरांनाच विचारलं, झोप नीट होते ना तुमची?

पुढच्या नाताळला सुमित सांगत होता. सहा वर्षांचा असताना कल्याणच्या बाजारात त्याचा हात सुटला, तासाभरानं मी त्याला एका बांगड्यांच्या दुकानापाशी शोधून काढलं. इतकी वर्षं तो असंच सांगत आला होता. त्या दिवशी तो म्हणाला, "रतनताईनं मला लांबूनच हाक मारली."

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "अगं, तूच. तोंडातून निघून गेलं."

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. "ताई, एक विचारू? बाजारात मला उचललंस ना, तेव्हा तुझ्या केसांना रॉकेलचा वास येत होता का?"

"नाही रे. आपल्याकडे गॅस होता."

"तेच ना," तो म्हणाला. "पण मला आठवतोय तो वास."

मी शोधायचं ते सगळं शोधलं. चर्चमध्ये बाप्तिस्म्याची नोंदवही बघितली, तिथे आम्ही दोघंच. फोटोंचे अल्बम काढले. प्रत्येक नाताळच्या फोटोत मी आहे, दोन वेण्या, दात पडलेला. शेवगावला आत्याला फोन केला. शेवटी आईला सरळच विचारलं, आमच्या आधी एखादं मूल झालं होतं का, गेलं का? ती रागावली नाही. "मला दोनच, माया. हे काय मधेच?" रतन नावाचं कुणी आमच्या घरात कधीच नव्हतं.

मग मला वाटलं, बाबा गेल्यापासून कुणी बोट वर करत नाही, म्हणून शब्द सैल झालेत. यंदा चांदणीची गोष्ट मी स्वतः सांगायची, एकही शब्द न गाळता.

यंदा जेवण झालं. दुपारचे अडीच वाजले होते. गॅलरीतलं ऊन खोलीत आलं होतं, खाली कुणीतरी गाडी धूत होतं. बोटांवरचा रस्सा वाळत आला होता. मी सुरुवात केली. चांदणी पिवळ्या कागदाची होती. वारा सुटला होता. मी स्टूल ओढलं.

"मग?" आईनं विचारलं.

तिनं आजवर कधी "मग" म्हटलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट ऐकावी तशी ती मान कलती करून ऐकत होती.

"मग मी वर चढले."

"पण तू आत होतीस ना," सुमित हळूच म्हणाला. मला वाईट वाटू नये म्हणून जपून बोलत होता. "तुला ताप होता."

"गोवर," आई म्हणाली. "अंगभर निघाला होता. पांघरूण काढू देत नव्हते मी."

"काहीतरीच काय! मला गोवर कधी आलाच नाही," मी म्हणाले.

आणि मला गोधडी आठवली. हनुवटीला टोचणारा तिचा काठ. छताच्या कोपऱ्यातला ओलीचा डाग. बाहेर गॅलरीत कुणाचीतरी अनवाणी पळापळ, स्टूल सरकल्याचा आवाज, मग बादलीत काहीतरी चर्रकन विझलं. एक मुलगी मोठ्यानं हसली. मी उठायचा प्रयत्न केला आणि उठता येईना.

हे मला आधी कधीच आठवलं नव्हतं.

मी घाईघाईनं स्टुलाकडे परत जायला बघितलं. त्याची उंची आठवेना. चढताना आधी कुठला पाय ठेवला ते आठवेना. आगीची धग हातांना लागली होती की नाही, तेही सांगता येईना.

"थांबा जरा," मी म्हणाले. "मला पाणी हवंय."

आई लगबगीनं उठली. आमच्याकडे सगळे स्टीलच्या तांब्यानं पाणी पितात. ती काचेचा ग्लास ट्रेमध्ये घालून घेऊन आली. पदर सारखा केला होता.

"घ्या ना," ती म्हणाली.

मी ग्लास घेतला. सुमितनं मांडी मोडली होती. तो उभा राहून माझ्यासाठी खुर्ची पुसत होता.

"रतन येईलच इतक्यात," आई म्हणाली. "तुम्ही तिच्या कंपनीतल्याच ना? रंगाच्या?"

तिचा चेहरा प्रसन्न होता. त्यात थट्टा नव्हती, गोंधळ नव्हता. पाहुणी आली म्हणून तिला खरोखर बरं वाटत होतं.

मला आई म्हणून हाक मारायची होती. तोंड उघडलं, शब्द जिभेवर आला होता.

"नको काकू," मी म्हणाले. "निघते मी."

कुणी दचकलं नाही.

करंज्यांचा पुडा हातात देऊन आईनं मला दारापर्यंत सोडलं. सुमित जिन्यापर्यंत आला. दिवसासुद्धा तिथे अंधार असतो, म्हणून त्यानं मोबाईलचा उजेड पाडला.

"सावकाश उतरा हं," तो म्हणाला. "शेवटची पायरी जरा उंच आहे. नवीन माणूस पडतो."

मी कठडा धरून उतरले. तरी शेवटी पाय चुकला आणि गुडघ्यावर आपटले. पायरी खरंच उंच होती.