खंडेनवमीला चालू ठेवलेलं मशीन

गुरुवारी संध्याकाळपर्यंत माझा संगणक अकरा वेळा बंद पडला होता. प्रत्येक वेळेची नोंद मी वहीत केली आहे.

देवासच्या आमच्या घरात तो मधल्या खोलीत असतो. पलीकडे देवघर, मध्ये फक्त भिंत. धार जिल्ह्यातल्या तिरल्याकडच्या गावांच्या भूजलाचं गणित मला त्याच्यावर चालवायचं होतं. सोमवारी तीन वाजता धारला बैठक होती. त्याआधी माझे आकडे पोहोचले नाहीत तर तिथे नव्या बोअरना परवानगी मिळणार होती. मग पुढच्या उन्हाळ्यात जुन्या विहिरींना पाणी राहिलं नसतं.

प्रोसेसर किती वेगाने पळेल हे एका आकड्यावर ठरतं. त्याला गुणक म्हणतात. कारखान्यातून आलेला गुणक एकोणचाळीस. विहिरींची शेवटची मापं शुक्रवारी अकराला येणार होती. तिथून एकोणचाळीसच्या वेगाने गणिताला चौऱ्याऐंशी तास लागणार होते, म्हणजे सोमवारी रात्री अकरा. सत्तेचाळीसवर सत्तर तास, म्हणजे सोमवारी सकाळी नऊ.

सुरक्षित पद्धत साधी आहे. मूळ आकडे लिहून ठेवायचे. गुणक एकेक घर वाढवायचा. व्होल्टेज लागलंच तर अगदी किंचित. दर पायरीला अर्धा तास प्रोसेसर पूर्ण राबवायचा आणि तापमान पंच्याऐंशी अंशांच्या पुढे जाऊ लागलं की मागे यायचं. मी सगळं तसंच केलं. चव्वेचाळीसपर्यंत ठीक होतं. पंचेचाळीसवर निळा पडदा, म्हणजे मशीन बंद. पुन्हा निळा पडदा. पंखा काढून त्याखालची उष्णता वाहणारी पेस्ट नव्याने लावली. निळा पडदा.

चुलतभाऊ संग्राम येऊन बघून गेला. त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे.

"ताई, चिप में दम नहीं है. आणि तू डायरी काय लिहितेस? सीधा सत्तेचाळीस लाव. उडाला तो उडाला."

"उडाला तर सोमवारी काय नेऊ?"

"ते पण आहे, भिया," तो म्हणाला. आमच्याकडे बहिणीलाही भिया म्हणतात. मग स्क्रूड्रायव्हरचा संच घरातल्या थोरल्या काकीसाहेबांकडे देऊन गेला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं देवघरात मांडतात. मधोमध तलवार. तिच्याभोवती विळी, संग्रामचे स्क्रूड्रायव्हर, विहिरीत सोडायचा माझा तारेचा तापमापक. दसऱ्यापर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. शुक्रवारी सकाळी काकीसाहेब झेंडूचं फूल घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या.

"हे बंद करा आता."

"काकीसाहेब, हे हत्यार नाही."

"तुमचं पोट कशावर चालतं?"

कालपासून झोप नव्हती आणि मला वाद नको होता. त्यांनी कुंकू लावलं, फूल ठेवलं.

"मामंजींनी, तुमच्या आजोबांनी, एकदाच उचलली होती तलवार नवमीला."

"मग?"

"मग काही नाही. चहा घेणार का?"

त्या स्वयंपाकघरात गेल्यावर मी मशीन सुरू केलं.

पंचेचाळीस चाललं. शेहेचाळीस चाललं. सत्तेचाळीसवर तापमान अठ्ठ्याहत्तर, स्थिर. अकराला मी गणित सुरू केलं आणि कितीतरी दिवसांनी नीट जेवले.

दोनला तापमान एकसष्ट होतं. चारला चव्वेचाळीस.

शनिवारी सकाळी ते सव्वीस होतं. खोलीचं एकोणतीस.

पंखा हवेने थंड करतो. त्या हवेपेक्षा थंड तो काहीही करू शकत नाही. म्हणजे सेन्सर बिघडला होता, आणि चुकीच्या सेन्सरवर भरवसा ठेवून प्रोसेसर जाळायचा नव्हता. चिडून मी देवघरातून तापमापक उचलला. काकीसाहेब समई लावत होत्या. त्यांनी पाहिलं आणि वात पुढे सारली.

सेन्सर बरोबर होता. मशीनच्या मागून गार हवा येत होती. वीज मात्र एकशे नव्वद वॅट जात होती. तेवढी उष्णता कुठेतरी बाहेर पडायलाच हवी. मी पेटी, टेबल, वायर, भिंत, सगळीकडे तार टेकवून पाहिली. कुठेही सापडली नाही.

दुपारी काकीसाहेब दारात आल्या.

"तलवारीची फुलं तिसऱ्यांदा बदलली. वाळतात."

"ऊन येत असेल."

"देवघरात?"

संध्याकाळी संग्राम तलवार बाहेर नेऊन दसऱ्याचा आपटा कापायला आला. काकीसाहेबांनी त्याला उचलू दिली नाही. आमच्या घरात असं कधी झालेलं नाही. तो मोबाइलवर फोटो काढून निघून गेला.

मी तार तलवारीच्या पात्याला लावली. एकोणतीस. मुठीला लावली.

अठ्ठेचाळीस.

मशीन बंद केलं असतं तर सगळं गणित पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं असतं. मी बंद केलं नाही. देवघराचं दार लावून घेतलं.

सोमवारी नऊला दोन मिनिटं असताना गणित संपलं. मी आकडे घेतले, मशीन बंद केलं, प्लग काढून वायर गुंडाळून ठेवली आणि धारची गाडी पकडली.

बैठकीत आकडे मान्य झाले. परवानग्या थांबल्या, पण शुक्रवारपर्यंतच. तोवर आणखी आठ गावं याच गणितात घालून आणा, असं सांगितलं.

घरी आले तेव्हा सात वाजले होते. प्लग जमिनीवर होता. पेटीतली हवा एकोणीस अंश होती.

तलवारीचं पातं अठ्ठावीस.

मुठीवर मी तार दोन-दोन मिलिमीटर सरकवत नेली. सगळी मूठ गरम नव्हती. चार आडव्या पट्ट्या सदतीस अंशांवर होत्या. मधल्या तीन जागा अठ्ठावीसवर, प्रत्येक सहा मिलिमीटर रुंद.

मी माझी बोटं पट्ट्यांवर ठेवली. पट्ट्या माझ्या बोटांपेक्षा रुंद होत्या, पुरुषाच्या बोटांएवढ्या.

मंगळवारी सकाळी मी गुणक एकोणचाळीसवर आणायचं ठरवलं. त्या वेगाने आठ गावं शुक्रवारपर्यंत होत होती. काकीसाहेब देवघराच्या दारात उभ्या होत्या. मी प्लग बसवला. बटणाला हात लावण्याआधी एकदा मूठ मोजून आले.

पट्ट्या सदतीसवरच होत्या. मधल्या जागा उरल्या नव्हत्या, आवळलेल्या बोटांत उरत नाहीत तशा.