वर धरा

टक्.

एवढासाच आवाज, पण दुपारच्या त्या गाढ शांततेत पिहूच्या फ्रॉकची घडी घालणारे निवेदिताचे हात थबकले. हिंदी मुलखातल्या थाटीपुरात, त्या भाड्याच्या दोन खोल्यांत दुपारी पंख्याशिवाय कुणी बोलत नसे. पिहू पलंगावर पालथी झोपली होती, गालावर उशीचा वळ उठला होता. निवेदिताने तिच्या पाठीवर अलगद हात ठेवला. श्वासाच्या पेशंटांत दिवस काढणाऱ्या नर्सची खोड. लेकीचाही श्वास हाताला लागल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

आवाज कपाटावरून आला होता. तिथे संभाजीरावांचं यंत्र होतं.

यंत्र कसलं, प्लास्टिकचं खेळणंच ते. तीन उभ्या कप्प्यांत तीन रंगीत गोळ्या आणि बाजूला एक नळी. नळी तोंडात धरून हवा आत ओढली की गोळ्या वर चढतात. सोडली की टक् करून खाली. फुप्फुसांचा व्यायाम. "ओढा... वर धरा... आता सोडा," हे निवेदिताचं रोजचं गाणं. नवे पेशंट ओढायचं सोडून हमखास फुंकायचे. संभाजीरावांनीही फुंकलं होतं. फरशी कापायच्या कारखान्यात जन्मभर गुलाबी दगडाची धूळ गिळलेला माणूस, एक गोळी अर्ध्यावर नेता नेता निळा पडायचा, आणि वर म्हणायचा, "आमचे पूर्वज गड घ्यायचे सिस्टर, आम्ही फरश्या कापल्या. आता ही गोळी सर करतो. तुमचा हुकूम झाल्याशिवाय श्वास सोडायचा नाही बघा."

सोमवारी ती "वर धरा" म्हणाली आणि तेवढ्यात हॉस्पिटलचा मॅनेजर समरजीत दोन वॉर्डबॉय घेऊन आत आला. वरच्या स्पेशल खोलीत कुणा बड्या असामीचे सासरे दाखल झाले होते, नुसत्या खोकल्याने. त्यांच्यासाठी जोराचा ऑक्सिजन देणारं मशीन हवं होतं. ते वॉर्डात एकच होतं, आणि संभाजीरावांच्या नाकाशी जोडलेलं होतं. निवेदिता आडवी आली, भांडली. सिलिंडर लगेच येतोय, असं सांगून समरजीतने मशीन काढायला लावलं आणि ते लावून द्यायला तिलाच वर पिटाळलं. सासरेबुवा पपई खात होते. याने झोप बरी लागते का, असं त्यांनी विचारलं.

ती धावत खाली आली. सिलिंडर आलेला नव्हता. संभाजीराव बसल्या जागीच गेले होते. यंत्राची नळी अजून दातांत, डोळे दाराकडे. "सोडा" म्हणायचं राहूनच गेलं होतं.

त्यांच्या बायकोने, विजयाबाईंनी, जाताना ते यंत्र निवेदिताच्या हातात दिलं. म्हणाल्या, घरात मला बघवायचं नाही, तुमच्या छोकरीला खेळायला होईल. निवेदिताने ते साबणाने घासून धुतलं आणि पिहूचा हात पोचणार नाही असं कपाटावर ठेवलं.

आणि हॉस्पिटलने काय ठरवावं? तर ऑक्सिजनची नळी संभाजीरावांनी स्वतःच उपसून काढली. आज संध्याकाळी विजयाबाई हॉस्पिटलात, ते कसे गेले हे विचारायला येणार होत्या, आणि हे त्यांना निवेदिताच्या तोंडून ऐकवायचं होतं. नाही ऐकवलं तर उद्यापासून कामावर यायला नको. माणूस मारायचा तो मारायचा, आणि वर आळही त्याच्याच माथी.

टक्.

पंख्याचा वारा असेल म्हणून तिने पंखा बंद केला. पण वाऱ्याने ती गोळी चढत नाही; नळीतून कुणीतरी हवा ओढावी लागते. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? स्टुलावर चढून तिने यंत्र खाली घेतलं, टेबलावर ठेवलं. घासून धुतलेल्या नळीच्या टोकाला बारीक, गुलाबीसर पूड लागली होती. बोटांत धरली तर करकरली.

फोन थरथरला. समरजीत.

"सिस्टर, शाम को तेवढंच बोलायचं. नळी त्यांनी काढली. बाकी छोड़िए. सोडा आता तो विषय."

टेबलावरची पहिली गोळी वर गेली.

नळी मोकळीच लोंबत होती. गोळी पार वरच्या टोकाला टेकली आणि खाली आली नाही.

"सिस्टर? सोडताय ना?"

दुसरी गोळी चढली. ती संभाजीरावांना कधी जागची हलवतासुद्धा आली नव्हती.

"नाही सोडत," निवेदिता म्हणाली. आवाज तिचाच होता, पण संतापाने घोगरा झाला होता. "मशीन तुम्ही काढायला लावलंत. विजयाबाईंना मी तेच सांगणार."

तिने फोन ठेवला.

तिसरी.

तिन्ही गोळ्या वर. बारीक थरथरत.

पंखा बंद होता. खोलीत कसलाच आवाज नव्हता. पिहूच्या श्वासाचासुद्धा.

ती गर्रकन वळली.

पिहू पलंगावर उठून बसली होती. टेबलापाशी ठेवलेल्या रिकाम्या खुर्चीकडे टक लावून, झोपाळलेल्या डोळ्यांनी बघत होती.

"आई," ती हळूच म्हणाली, "या आजोबांचं तोंड निळं झालंय. पूछ रहे हैं, आता सोडू का?"