तिसऱ्या हाळीची वखार

दिवा राहू द्या तसाच. सांगतो सगळं, पण मधे बोलू नका. मधे कुणी तोंड घातलं की माझं डोकं फिरतं.

मुरुम गावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. जगदेवीअक्कांची गावाबाहेर डाळमिल. वर्षापूर्वी त्यांचे मालक शरणबसप्पा स्वतःच्याच वखारीत गुदमरून गेले. तुरीला कीड लागू नये म्हणून पोत्यांमधे गोळ्या टाकतात, त्यांचा वायू जीवघेणा. मालक आत असताना शटर बंद झालं. श्रीमंत नावाचा मुकादम शपथेवर सांगायचा, "म्या दोनदा हाळी दिली, कुणी ओ दिली न्हाय."

अक्कांनी मिल पुन्हा सुरू केली आणि मला स्कूटीवर बसवून नेलं. वखारीच्या कोपऱ्यात वजनकाट्याची केबिन, तिथं मालकांचा लॅपटॉप. लिनक्स त्यात मीच टाकलेलं.

"मालक गेल्यापासून तसाच पडलाय. वायफाय काय लागंना," अक्का म्हणाल्या. "झालं की शटर ओढून जा, महारुद्र. मला पोरीकडं जायचंय."

वायफायचं कार्ड दिसत होतं, ड्रायव्हर लागलेला, नेटवर्कची सर्व्हिस बंद-चालू करून झाली, तरी जवळच्या नेटची यादी कोरीच. मी लॅपटॉपला मनसोक्त शिव्या दिल्या. त्यात लाईट गेली. बॅटरीवर काम चालू ठेवलं आणि उजेड कधी उतरला ते कळलंच नाही.

तेव्हा शटरकडून आवाज आला. "कोन हाय का आत?"

मी ओ दिली नाही. आता हसा तुम्ही. तिन्हीसांजेला तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, हे आमच्याकडं दूध पिताना शिकवतात. पहिल्या दोन हाका मारणारं कोण असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्याला तिसरी हाक मारता येत नाही. दुसरी हाळी आली. मी तोंड उघडून तिसरीची वाट बघत बसलो. शटर खाली आलं. कुलूप लागलं. श्रीमंतची मोटारसायकल निघून गेली.

शटर बडवलं, ओरडलो. पत्र्याच्या वखारीत फोनला रेंज नाही. आणि मग वास आला... लसणासारखा. पलीकडच्या पोत्यांच्या थप्पीवर ताडपत्री घातलेली होती. आम्ही यायच्या आधीच श्रीमंतनं गोळ्या टाकल्या होत्या, अक्कांना पत्ता नसावा. मी ओल्या रुमालानं नाक बांधलं.

लॅपटॉप हाच एक रस्ता. परत एकेक तपासत गेलो, आणि यंत्रणेनं स्वच्छ सांगितलं, वायफाय बटणानं बंद आहे. साधं बटण. लॅपटॉपच्या कडेला, डाळीच्या भुशात रुतलेलं. इतका वेळ मी शहाणा सॉफ्टवेअर उकरत होतो. पेनाच्या टोकानं बटण सरकवलं.

यादीत एकच नाव आलं. शरणबसप्पा. फोनचं हॉटस्पॉट, सिग्नल पूर्ण भरलेला. म्हणजे फोन अगदी जवळ... मी मागं वळून बघितलं नाही. ओळखीचं नेट म्हणून लॅपटॉपनं मला न विचारताच जोडून घेतलं. मालकांचं मेसेजचं खातं उघडंच होतं. अक्कांना लिहिलं, "मी महारुद्र. वखारीत अडकलोय. शटर उघडा."

त्या आल्या तेव्हा मी शटरच्या फटीला नाक लावून पडलो होतो. लॅपटॉप बंद करून पिशवीत टाकलेला, पिशवी छातीशी. बाहेर ओढून पाणी पाजलं आणि फोन माझ्यापुढं धरला.

"हे वरचे दोन तुझेच व्हय?"

तीन मेसेज होते. वरचे दोन सारखेच. 'जगदेवी, म्या आत हाय. दार उघड.'

मला कळलं. त्या दिवशी मालकांनी याच लॅपटॉपवरून लिहिलेले. बटण सरकून बंद झालेलं, म्हणून वर्षभर आत अडकून पडले होते. नेट लागलं आणि सुटले. तसं सांगितलं. अक्का मातीतच बसल्या.

"म्हंजी... त्या दिवशी हाक मारत हुते मला?"

"व्हय, अक्का."

बराच वेळ त्या रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "लाईट न्हाय, ऑफिसातलं नेट बंद. मग तुला लागलं कुणाचं?"

"मालकांच्या फोनचं."

"त्यो फोन म्या त्यांच्या हातात देऊन पुरलाय."

वास बाहेर पसरत होता, अर्धं उघडं शटर लावणं भाग होतं. अक्का अंधाराकडं तोंड करून उभ्या राहिल्या. "कोन हाय का आत?" थांबल्या. परत विचारलं. मग अगदी हळू, घरात बोलतात तशा, "मालक... हाय का तुमी आत?"

त्यांच्या हातातला फोन वाजला. 'व्हय. हाय म्या. उघड.'

अक्कांनी चपला काढल्या आणि आत जायला वाकल्या. मी त्यांना दंडाला धरून मागं ओढलं आणि शटर खाली घेतलं. कुलूप मीच लावलं. आत कुणी बडवलं नाही, काही नाही. अक्का अजून माझ्याशी बोलत नाहीत.

आणि आता दिवेलागणीला माझा फोन तेच नेट दाखवतो. घरात, मुरुमात, वखारीपासून इतक्या लांब. जोडू का, विचारतो. परवा मी नाही म्हटलं. काल नाही म्हटलं.

दिवा राहू द्या. आजचं, तिसरं, अजून विचारलेलं नाही.