बुटाच्या इलॅस्टिकवर फिरलेली गाणी

या, असे जवळ सरकून बसा. फिलिपिन्समधल्या मारिकिना गावच्या एका पोरीची गोष्ट सांगायची आहे. सूर देवानं दिलेला असतो हे खरं, पण तो आपल्यापर्यंत कुणाच्या हातानं आला, हे ऐकण्यासारखं असतं.

निंग बुटांच्या कारखान्यात तळ चिकटवायची. तिचा बाप, तिकडच्या भाषेत तातय, आंबो तिथलाच कारागीर, वर्षापूर्वी गेला. मागे राहिली एक गिटार, एक जुना टेपरेकॉर्डर आणि 'पुलांग पायोंग' या रॉक बँडची एकुलती एक कॅसेट. त्या कॅसेटशी तारा जुळवत निंग अकराच्या अकरा गाणी शिकली होती. रेडिओवर तीच गाणी लागली की मात्र तिला वाटायचं, आज यांना कसली एवढी घाई…

एका दुपारी ती कामावर गुणगुणत असताना कारखान्याच्या दारात एक तरुण उभा राहिला. हातात टाच निखळलेला बूट.

"थांबलात का? गा ना."

"आधी टाच लावते. बसा, कुया."

तिकडे कुया म्हणजे दादा. अनोळखी तरुणाला असंच म्हणतात. या कुयाचं नाव सिद्रो. तो गावातल्या एका बँडमध्ये बास गिटार वाजवायचा. दोन दिवसांनी तो पुन्हा आला… तोच बूट घेऊन.

"कुया, ही टाच मी परवाच ठोकली होती."

"माझं चालणं जरा जोरदार आहे."

"की हातोडीनं काढलीत?"

सिद्रोचे कान लाल झाले. मग म्हणाला, "आमची गायिका सौदीला कामाला गेली. जत्रेला आठ दिवस राहिलेत. पुलांग पायोंगचीच गाणी आहेत… याल?"

निंग हो म्हणाली.

तालमीच्या खोलीत तिनं पहिली तार छेडली आणि सगळेच थांबले. गिटारवाला बोयेत म्हणाला, "ताई, ही गिटार आहे की तापानं फणफणलेली मांजर? अर्धा सूर खाली आहे." तिनं तारा चढवल्या, पण वरच्या ओळीला गळा चिरकला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही.

"दुसरी बघ," बोयेत सिद्रोला हळूच म्हणाला. निंगनं ते ऐकलं.

ती गाणी कशावर शिकली हे बघायला संध्याकाळी सिद्रो तिच्या घरी आला आणि त्यानं टेपरेकॉर्डरचं झाकण उघडलं. आतला रबरी पट्टा कधीचाच तुटला असावा. त्याच्या जागी बुटाचं काळं इलॅस्टिक होतं. जोड तिरका कापून, पातळ करून, डिंक लावून चिकटवलेला. ते घसरत फिरायचं, म्हणून गाणी संथ आणि खालच्या सुरात निघायची.

निंगनं त्या जोडावरून बोट फिरवलं. "असा जोड तातयच द्यायचे…" ती खाली बसली. "म्हणजे मी सगळंच चुकीचं शिकले."

"नवा पट्टा मिळतो. बसवू?"

तिनं झाकणावर हात ठेवला. "नको."

रात्रभर तिला झोप नव्हती. गाणं हातचं गेलं तर तातयचं काय उरेल? आणि हा मुलगा… तो तरी पुन्हा कशाला येईल? दुसऱ्या दिवशी ती नाही सांगायलाच तालमीला गेली. गिटार सोबत आणलीच नव्हती.

आत बोयेत कुरकुरत होता, "तारा पार ढिल्या केल्यात यानं. माझी गिटार जांभया देतेय."

सिद्रो बासच्या खुंट्या पिळत होता. वर न बघताच म्हणाला, "आम्ही सगळे अर्धा सूर उतरलोय. घाईसुद्धा सोडलीय. तुम्ही तुमच्या तातयच्या सुरात गा."

निंग जेमतेम म्हणाली, "उपकार झाले, कुया…"

"एक अट आहे." आता त्यानं वर पाहिलं. "ते कुया बंद. मला तुमचा भाऊ व्हायचं नाही."

"मग… काय व्हायचंय?"

"बूट न घेताही येणारा माणूस."

जत्रेच्या रात्री ती चर्चसमोरच्या मंचावर चढली. लोकांना पुलांग पायोंगची गाणी तोंडपाठ, हसले तर? तिनं बाजूला पाहिलं. "सिद्रो," ती पहिल्यांदाच म्हणाली, "तू सोडून जाऊ नकोस हं… मधल्या ओळीला."

"कुठल्याच ओळीला नाही."

पहिली ओळ निघाली, संथ, खालच्या सुरात. कुणीच हसलं नाही. मग पाठीमागून कुणीतरी तिच्याच चालीनं गाऊ लागलं, मग आणखी कुणी.

तर मंडळी, घरी जाताना ही दोघं ध्यानात राहतीलच. पण पायात बूट चढवाल तेव्हा टेपला बुटाचं इलॅस्टिक बसवणाऱ्या त्या आंबोचीही क्षणभर आठवण काढा.